आमची वाटचाल: आधी रूळ, मग डोंगर

ठाण्यात नौपाड्यात आमचं छोटं ऑफिस आहे. काम एकाच प्रकारचं: ट्रेन सिम्युलेटरसाठी (संगणकावर रेल्वे चालवण्याचा खेळ) नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांच्या रेल्वेचे, मार्ग बांधायचे आणि इतरांनी पूर्वी बांधलेले मार्ग सुधारून द्यायचे. मुख्यतः ट्रेन्झ आणि ओपन रेल्स या दोन सिम्युलेटरांवर. ब्रॉडगेजचं काम आम्ही घेत नाही. त्याला हात खूप आहेत आणि त्याची पद्धत वेगळी आहे. सुरुवात नेरळ-माथेरानने केली, कारण ठाण्याहून कर्जत लोकल धरली की पन्नासेक किलोमीटरवर नेरळ येतं आणि शंका आली की जागेवर जाऊन बघता येतं. आमच्या कामाची सगळी रीत त्याच मार्गावर बसली, म्हणून इथेही बरंचसं त्याच्याबद्दलच आहे.

माथेरानची गाडी १९०७ साली सुरू झाली, आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाच्या पैशातून. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, ६१० मिमी, लांबी सुमारे २१ किमी. नेरळ समुद्रसपाटीपासून ४० मीटरच्या आसपास, माथेरान ८०० मीटरच्या आसपास. म्हणजे सरासरी चढच २७ ला १ च्या घरात (२७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर), आणि सर्वांत कडक चढ २० ला १. शेजारच्या भोर घाटात ब्रॉडगेजचा चढ ३७ ला १ आहे आणि तिथेही मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. वळणांची त्रिज्या काही ठिकाणी १८ मीटरपर्यंत उतरते. सिम्युलेटरमधली जमीन, रूळ, डबे, इंजिनाचं भौतिकशास्त्र हे सगळं मोठ्या गेजच्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून बनलेलं असतं. १८ मीटरचं वळण आलं की त्यातलं प्रत्येक गृहीतक तुटतं, आणि कुठे तुटतं ते ओळखून दुरुस्त करणं हाच आमचा धंदा आहे.

पहिली अडचण जमिनीची. उंचीची मोफत माहिती म्हणजे २००० सालच्या एसआरटीएम या अंतराळातून रडारने उंची मोजणाऱ्या मोहिमेची ३० मीटरची जाळी. तीत ३० मीटरच्या चौकोनाला एकच उंची असते. दाट झाडीत ती जमिनीची नसून काही अंशी झाडांच्या छताची असते, आणि कडे-सुळके तासल्यासारखे गोल होतात. त्यानंतर सिम्युलेटरची स्वतःची जाळी: ट्रेन्झमध्ये ७२० मीटरच्या बोर्डावर (जमिनीच्या तुकड्यावर) १० किंवा ५ मीटरची, ओपन रेल्समध्ये २०४८ मीटरच्या टाइलवर ८ मीटरची. ट्रेन्झच्या नव्या आवृत्तीत याहून कितीतरी बारीक जाळी मिळते, पण बहुतेक ग्राहक अजून जुन्या आवृत्तीवर आहेत. ४० अंशांच्या उतारावर १० मीटर आडवं गेलं की उंची ८.४ मीटरने बदलते. नॅरोगेजची वाट असते जेमतेम तीन मीटर रुंद. ती कोरायला जाळीचा एक बिंदू खाली ओढला तर आजूबाजूची वीस मीटर जमीन तंबूसारखी वाकते. मग डोंगर रुळांतून वर येतो किंवा रूळ दरीवर तरंगतात.

ब्रॉडगेजचा रिवाज असा की आधी जमीन आयात करायची, मग तिच्यावर रूळ अंथरायचे. नॅरोगेज घाटात आम्ही हे उलटं करतो. आधी कोऱ्या पाटीवर रूळ, पूर्ण भूमितीसह. ते बसले की मग डोंगर त्यांच्यापाशी आणायचा.

रुळांची आडवी आखणी आम्ही ओपनस्ट्रीटमॅप आणि भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशांवरून करतो. व्यावसायिक कामात वाटेल ते उपग्रहचित्र गिरवता येत नाही, त्याचा परवाना आधी वाचावा. वळणाची त्रिज्या जीवेवरून, म्हणजे वळणाचे दोन बिंदू जोडणाऱ्या सरळ रेघेवरून, काढायची. वळणावर २० मीटरची जीवा टाका, मधोमध वळण जीवेपासून किती दूर आहे ते मोजा. गँगमन याला व्हर्साइन म्हणतात. साधं सूत्र आहे जीवेचा वर्ग भागिले आठ व्हर्साइन. व्हर्साइन २.५ मीटर आली तर त्रिज्या २० मीटर. पण इतक्या घट्ट वळणाला त्यात अर्धी व्हर्साइन मिळवावीच लागते, म्हणजे खरी त्रिज्या २१.२५ मीटर. मोठ्या गेजवर हा दुसरा हिस्सा नगण्य असतो म्हणून लोक तो सोडून देतात. इथे सोडला तर अर्धवर्तुळाच्या शेवटी रूळ अडीच मीटर भलतीकडे पोचतो आणि पुढचं वळण जुळत नाही.

उभी आखणी याहून नाजूक. एसआरटीएमच्या उंचीवर विश्वासून प्रत्येक बिंदूला रूळ जमिनीला चिकटवला की काही मीटरांत १२ ला १ चा चढ आणि लगेच उतार, असे खड्डे पडतात. आम्ही उंची फक्त ठरावीक जागी पक्की करतो: नेरळ, जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज, माथेरान, आणि मोठे पूल. दोन पक्क्या जागांमधला चढ हिशेबाने वाटायचा आणि वळणांवर तो कमी करायचा. रेल्वेच्या नियमानुसार नॅरोगेजला ही सूट वळणाच्या प्रत्येक अंशाला ०.०२ टक्के असते, म्हणजेच ३५ भागिले मीटरमधली त्रिज्या. ३० मीटर त्रिज्येला १.१७ टक्के होते. तिथे ५ टक्क्यांचा चढ ३.८ वर आणायचा आणि वाचलेली उंची सरळ भागात भरून काढायची. हे केलं नाही तर सिम्युलेटरमधलं इंजिन नेमकं वळणावर दम सोडतं, कारण वळणाचा अवरोध चढात मिळतो. स्टेशनजवळ चढ एकदम सपाटीला मिळाला की गाडीचं नाक आपटतं. तिथे ३० ते ४० मीटरांत, दर १० मीटरला एक बिंदू देऊन चढ टप्प्याटप्प्याने उतरवायचा.

मग डोंगर. रुळाखालची जमीन अर्धा ते एक मीटर खाली ठेवायची आणि वाट, भिंती, कातळ हे वेगळे मेश, म्हणजे त्रिमितीय आकार, करायचे. दरीकडे दगडी धारक भिंतीची स्प्लाइन (रेषेवर ओळीने मांडत जाणारा आकार), डोंगराकडे काळ्या बसाल्टच्या कापाची स्प्लाइन, आणि खरी जमीन त्या कापाच्या मागे नेऊन लपवायची. घोड्याच्या नालेसारख्या वळणांवर खालची आणि वरची वाट चाळीस मीटरच्या आत असतात. त्यांच्या मधे जाळीचे तीन-चार बिंदूच येतात, म्हणून तिथला उतार पूर्ण मेशचाच घ्यावा. वर, पठाराजवळ कातळ बदलतो आणि जांभा लागतो. मातीचा लाल रंग तिथेच सुरू करायचा. नेरळपासून लाल माती दाखवलेले मार्ग आमच्याकडे सुधारायला येतात, त्यांत हा बदल आम्ही न विचारता करतो.

रुळांचा मेश हा दुसरा मोठा विषय. जुन्या पद्धतीच्या स्प्लाइनमध्ये रूळ सरळ तुकड्यांचा असतो आणि गाडी मात्र गणिती वक्रावरून धावते. १० मीटरचा तुकडा १८.३ मीटर त्रिज्येच्या वळणावर ठेवला तर मधोमध सुमारे ७० सेंटिमीटरचा फरक पडतो, म्हणजे अख्ख्या गेजपेक्षा जास्त. चाकं रुळाच्या बाहेर हवेत फिरतात. २ मीटरचा तुकडा घेतला की फरक २७ मिमीवर येतो, १ मीटरला ७ मिमी. आम्ही घाटात १ मीटर आणि सपाटीवर ४ मीटर वापरतो, कारण सगळीकडे १ मीटर केलं तर यार्डात फ्रेम रेट पडतो.

ब्रॉडगेजचा रूळ लहान करून नॅरोगेज बनवण्याचा मोह टाळावा. १६७६ चं ६१० केलं की सगळं ०.३६ पट होतं: पावणेतीन मीटरचा स्लीपर (रुळांखालचा आडवा आधार) एक मीटरचा होतो आणि स्लीपरांमधलं ६५ सेंटिमीटरचं अंतर २४ सेंटिमीटरवर येतं. खरा नॅरोगेज स्लीपर गेजच्या मानाने लांब असतो, त्यांतलं अंतरही मोठ्या गेजपेक्षा फारसं कमी नसतं. माथेरानला मूळचे रूळ यार्डाला ३० पौंडांचे होते, पुढे ४२ पौंडांचे आले. काळ कोणता दाखवायचा ते ठरवूनच रुळाचा छेद काढावा. रुळांचे सांधे फिशप्लेटसह (जोडणाऱ्या लोखंडी पट्ट्यांसह) दाखवावेत आणि चाकांचा खडखडाट त्याच लांबीवर लावावा, कारण ताशी १२ किमीला प्रत्येक सांधा वेगळा ऐकू येतो.

वळणावर बाहेरचा रूळ किती उचलायचा याचं सूत्र: गेज गुणिले वेगाचा वर्ग, भागिले १२७ गुणिले त्रिज्या. ६१० मिमी, ताशी १२ किमी, १८.३ मीटर, उत्तर ३८ मिमी. वेग २० केला तर १०५ मिमी येतं, इतक्या अरुंद गेजवर ते चालणारच नाही. वेगाची मर्यादा कुठून येते हे ग्राहकाला या दोन आकड्यांत कळतं. हा कल वळण सुरू होण्याआधीच्या भागात हळूहळू चढवावा, नाहीतर डबा झटक्यात कलंडल्यासारखा दिसतो.

गाड्यांबद्दल एकच महत्त्वाचं सांगतो. माथेरानची जुनी ओरेनस्टाइन अँड कोपेलची ०-६-० (सहा जोडलेल्या चाकांची) इंजिनं घट्ट वळणं घ्यायची ती क्लीन-लिंडनर आसांमुळे. आस म्हणजे चाकांची जोडी जोडणारा दांडा. पुढच्या आणि मागच्या आसावर पोकळ नळी बसवलेली, चाकं त्या नळीला, आणि ती वळते आणि सरकते. मेशमध्ये तिन्ही आस एकाच ताठ चौकटीला जोडले तर कडेची चाकं रूळ ओलांडताना दिसतात. कडेचे दोन आस स्वतंत्र बोगी (डब्याखालची वळणारी चाकांची चौकट) म्हणून द्यावेत आणि जोडदांडे मधल्या चाकाला बांधावेत. डब्यांचं पोट किती आत झुकतं तेही मोजावं: बोगींमधलं अंतर ५ मीटर असेल तर वळणावर डब्याचा मध्य १७ सेंटिमीटर आत येतो. कातळाचा काप त्या हिशेबाने मागे घ्यायचा.

उतरताना ब्रेक. २० ला १ उतारावर प्रत्येक टनामागे ५० किलोचा ओढा असतो. खऱ्या गाडीत डब्यांवर बसलेले ब्रेकपोर्टर शिट्टीच्या इशाऱ्यावर हँडब्रेक फिरवायचे. ओपन रेल्समध्ये प्रत्येक डब्याचा हँडब्रेक वेगळा लावता येतो, म्हणून जुन्या काळाची गाडी आम्ही तिथे चांगली देऊ शकतो. ट्रेन्झसाठी आम्ही स्क्रिप्ट लिहितो.

झाडी शेवटी. खाली साग आणि ऐन, वर जांभूळ, हिरडा, अंजनी. गाडी हळू असल्याने एकच झाड पुन्हा आलं की लगेच ओळखू येतं. रुळापासून १५ मीटरच्या आत निदान डझनभर वेगळी मॉडेलं हवीत, त्यापलीकडे साधी चालतात. दूरची जमीन मात्र भरपूर लागते, कारण वरून नेरळचं सगळं मैदान दिसतं. उन्हाळा आणि पावसाळा असे दोन टेक्स्चर संच आम्ही देतो. पावसाळ्यात नेरळ-अमन लॉज गाडी बंद असते आणि अमन लॉज-माथेरान शटल तेवढी चालते, म्हणून पावसाळी संचाबरोबर शटलचंच वेळापत्रक असतं.

हळूहळू सुधारणेचं काम नव्या बांधणीपेक्षा वाढलं. बहुतेक मार्ग २००१ च्या मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरच्या काळातले आहेत आणि त्यांतले रूळ मूळ १४३५ मिमीच्या मापाचे. तिथे रुळाच्या सेक्शनची लांबी-त्रिज्या तीच ठेवून फक्त आकार बदलला तर मार्गाची माहिती शाबूत राहते. त्रिज्या बदलायची तर रूळ उखडावे लागतात आणि त्यांच्याबरोबर सिग्नल, प्लॅटफॉर्म, मैलखुणा सगळं नव्याने लावावं लागतं. म्हणून आमचा क्रम ठरलेला आहे. आधी सर्वांत लांब डबा आणि सर्वांत कमी ताकदीचं इंजिन घेऊन दोन्ही दिशांनी चाचणी, कॅमेरा चाकाशी. प्रत्येक दोष किलोमीटरच्या खुणेसह लिहायचा. त्यावरून कुठे आकार बदलून भागेल आणि कुठे उखडावं लागेल ते ग्राहकाला आधी सांगायचं. रूळ नीट होईपर्यंत आम्ही झाडीला हात लावत नाही, ग्राहकाने कितीही आग्रह केला तरी. रूळ अर्धा मीटर सरकला की आजूबाजूची सगळी झाडं पुन्हा लावावी लागतात आणि पैसे त्याचेच जातात.

दरसुद्धा त्यामुळे किलोमीटरवर ठरवत नाही. ६० मीटरपेक्षा कमी त्रिज्येची वळणं, पूल-मोऱ्या आणि क्रॉसिंग स्टेशनं मोजून दर देतो. दार्जिलिंगचं काम आलं तर त्यात झिगझॅग वेगळे धरतो, कारण तिथे संगणकाने चालवलेली गाडी मागे-पुढे करायला प्रत्येक टोकाला दिशेच्या खुणा आणि चाचणी लागते. बतासिया लूपसारख्या जागी रूळ स्वतःवरून जातो, आणि सिम्युलेटरच्या जमिनीला एका जागी एकच उंची असते, म्हणून वरचा भाग पुलावरच घ्यावा लागतो.

मूळ मार्गकाराची लेखी परवानगी असल्याशिवाय काम हाती घेत नाही. मोफत वाटलेल्या बऱ्याच मार्गांच्या परवान्यात पैसे घेऊन पुन्हा वाटायला बंदी असते. आम्ही ग्राहकाला फक्त आमच्या फायलींचा पॅच देतो, मूळ मार्ग त्याने मूळ जागेवरूनच उतरवायचा.

सध्या हातात बार्शी लाइट रेल्वे आहे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांनी १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आताच्या कुर्डुवाडीपासून सुरू केलेली ७६२ मिमीची रेल्वे. सगळ्या गाड्यांचा भार प्रत्येक आसाला ५ टनांत बसवून हलके रूळ वापरायचे, ही त्यांची मुख्य कल्पना. इथे अडचण घाटाच्या उलट आहे: जमीन सपाट, आणि एसआरटीएमचा दोन-तीन मीटरचा गोंगाट माळरानावर लाटांसारखा दिसतो. आधी दोनशे मीटरच्या पट्ट्यात उंची सरासरीने गुळगुळीत करून घेतली, मग ओढे आणि बांध हाताने काढले. मालाच्या अदलाबदलीच्या यार्डात दोन्ही गेजच्या वाघिणींचे तळ एका पातळीत यावेत म्हणून नॅरोगेजचा रूळ उचलून घेतला आहे. पहिल्या टप्प्यात कुर्डुवाडी ते पंढरपूर, आषाढीच्या जादा गाड्यांच्या वेळापत्रकासह, फक्त ओपन रेल्ससाठी देणार आहोत. लातूरची बाजू त्यानंतर.