नागपुरात कलेच्या दोन फेऱ्या : एक अजबबंगल्याची, एक चितार ओळीची

वर्धा, भंडारा, अमरावती किंवा चंद्रपूरहून सकाळी निघून रात्री घरी परतता येईल अशा या दोन फेऱ्या आहेत. त्या वेगवेगळ्या दिवशीच करा. एकाच दिवसात दोन्ही करायला गेलं की दुपारपर्यंत पाय दुखायला लागतात आणि चितार ओळीत, म्हणजे मूर्तिकारांच्या वस्तीत, पोचेपर्यंत बघण्याची भूक उरत नाही, आणि खरं बघायचं तर तिथेच असतं. सोमवारी जाऊ नका, अजबबंगला म्हणजे इथलं संग्रहालय बंद असतं. मे महिन्यात तर जाऊच नका, नागपूरचं ऊन चालू देत नाही.

पहिली फेरी सिव्हिल लाइन्सची. रेल्वे स्टेशनजवळच मेट्रो मिळते. ॲक्वा लाइननं कॉटन मार्केट, मग सीताबर्डी. सीताबर्डीला गाडी बदलून ऑटोमोटिव्ह चौकाकडे जाणाऱ्या ऑरेंज लाइनमध्ये बसायचं आणि पुढच्याच झिरो माईल फ्रीडम पार्क स्थानकावर उतरायचं. चौघं असाल तर गाडी बदलण्यापेक्षा स्टेशनवरून सरळ ऑटो करा. झिरो माईलचा दगडी खांब आणि त्याचे चार घोडे पाहून दहा मिनिटं चाललं की मध्यवर्ती संग्रहालय येतं. नागपूरकर त्याला अजूनही अजबबंगलाच म्हणतात. हे संग्रहालय १८६३ चं आहे, सर रिचर्ड टेंपल मध्य प्रांताचे चीफ कमिशनर असतानाचं.

इथे बहुतेकांची एक चूक होते. मुलं सोबत असली की आधी पेंढा भरलेले प्राणी, मग शस्त्रं, आणि शिल्पांपाशी पोचेपर्यंत दीड तास गेलेला असतो. क्रम उलटा ठेवा. डोळे ताजे असताना दगडी शिल्पं बघा, मग ताम्रयुगातल्या वस्तू, मग आदिवासी कलेचं दालन, आणि प्राणी शेवटी. बालाघाट जिल्ह्यातल्या गुंगेरियाला १८७० मध्ये तांब्याच्या ४२४ वस्तू आणि चांदीचे १०२ पातळ पत्रे एकत्र सापडले होते. त्यातल्या वस्तू इथे आहेत. तांब्याच्या त्या कुऱ्हाडी दिसायला साध्या आहेत, म्हणून लोक पुढे सरकतात. तिथे थांबा, धारेची गोलाई बघा. शिलालेख किंवा उथळ कोरीव काम समोरून सपाट दिसतं, म्हणून दोन पावलं बाजूला होऊन तिरपं बघायचं. सावली पडली की अक्षरं वर येतात. फोटोची परवानगी तिकीट खिडकीवरच विचारून घ्या, आत गेल्यावर वाद नको. सगळं धरून अडीच तास राखून ठेवा.

तर्री पोहे कस्तुरचंद पार्कच्या बाजूला सकाळीच खाऊन घ्यावेत, दुपारी तर्री उरत नाही. तर्रीचा हात कपड्याला लागू देऊ नका, डाग जात नाही.

दुपारी आमदार निवासासमोरचं दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र. तिथे कलादालन आहे, पण त्या दिवशी प्रदर्शन आहे का हे आदल्या दिवशी विचारूनच जा. लोकमत चौकातल्या जवाहरलाल दर्डा आर्ट गॅलरीचंही तसंच. दोन प्रदर्शनांच्या मधल्या दिवसांत गेलात तर रिकाम्या भिंती बघून परतावं लागेल. थंडीत या केंद्राच्या आवारात क्राफ्ट मेळा भरतो, आणि पहिली फेरी त्याच दिवसांत करणं सगळ्यात फायद्याचं. बस्तरची ढोकरा मूर्ती (मेणाचं रूप वितळवून त्या जागी पितळ ओतलेली) घ्यायची असेल तर तीन गोष्टी तपासा. लोहचुंबक चिकटता कामा नये, कारण ती पितळेची असते. अंगावरच्या रेषा मेणाच्या दोऱ्याच्या असल्यामुळे किंचित वाकड्या असतात. आणि मधोमध जोडाची सरळ रेघ दिसली तर ती साच्यातली आहे. एकसारख्या दोन मूर्ती शेजारी दिसल्या तरी तोच अर्थ घ्यायचा, कारण मेण वितळवून केलेली मूर्ती दुसरीसारखी होत नाही.

वेळ उरला तर दीक्षाभूमी. राहाटे कॉलनी स्थानकावरून ऑटो करा. वास्तुविशारद शिवदानमल यांनी आखलेला १२० फूट उंचीचा हा स्तूप आतून पोकळ आहे, सांचीसारखा भरीव नाही. म्हणून बाहेरची प्रदक्षिणा झाल्यावर आत जाऊन घुमटाखाली उभं राहणं महत्त्वाचं. अशोक विजयादशमीच्या दिवसांत तिथे लाखो लोक दर्शनाला येतात. त्या दिवसांत स्थापत्य बघायला म्हणून जाऊ नये, ती जागा त्यांची असते.

दुसरी फेरी चितार ओळीची, आणि ती मी पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात केली. हाच मुहूर्त सुचवतो. पोळ्यानंतर चार दिवसांनी गणपती बसतो, त्यामुळे या आठवड्यात ओळीत सगळ्या टप्प्यांतल्या मूर्ती एकाच वेळी दिसतात. शिवाय तान्ह्या पोळ्याचे, म्हणजे लहान मुलांच्या पोळ्याचे, लाकडी नंदी बाजारात आलेले असतात. मेट्रोचं स्थानकच चितार ओळी चौक नावाचं आहे, स्टेशनवरून त्याच ॲक्वा लाइनवर प्रजापती नगरच्या दिशेला. तिथून पायी.

मोठ्या मूर्तीत आधी लाकडाचा आणि बांबूचा सांगाडा उभा राहतो. त्यावर तणस सुतळीनं आवळून शरीराचा आकार येतो, मग भुसा मिसळलेली जाड माती, आणि ती वाळल्यावर गाळलेली बारीक माती. वरचा थर आतल्यापेक्षा लवकर सुकला की तडे जातात. त्या तड्यांवर पातळ मातीत बुडवलेल्या कापडाच्या पट्ट्या चिकटवतात. अशा पट्ट्या दिसल्या म्हणजे मूर्ती खराब आहे असं समजू नका, ती रीतच आहे. मग पांढरा हात, त्यावर रंग, आणि डोळे सगळ्यात शेवटी. पावसाळी हवेत माती आठ-आठ दिवस ओली राहते, म्हणून पंखे आणि मोठे दिवे लावून वाळवणं चालतं. झड लागली की सगळ्यांचं काम मागे पडतं, अशा वेळी कारागिरांना गप्पांत अडकवू नये.

फोटो काढण्याआधी "दादा, काढू का?" एवढं विचारलं की कोणी नाही म्हणत नाही. डोळे आखताना मात्र विचारूही नका, आणि फ्लॅश तर नकोच. चतुर्थीच्या आधीचे तीन दिवस आणि पोळ्यानंतरचा मारबतीचा दिवस टाळा. मारबत, म्हणजे पुतळ्यांची मिरवणूक, बघणं ही स्वतंत्र गोष्ट आहे, त्या गर्दीत ओळीतलं काम दिसत नाही.

मूर्ती घ्यायची असेल तर तळाला रंग न लावलेली मागा. तळ नखानं खरवडला की माती भुरभुर निघते, प्लास्टर कठीण लागतं. मातीची मूर्ती त्याच आकाराच्या प्लास्टरच्या मूर्तीपेक्षा जड असते.

उन्हं उतरल्यावर महाल या जुन्या भागात चक्कर मारा. भोसल्यांचा काळ्या दगडाचा, लाकडी कोरीवकामानं नटलेला राजवाडा १८६४ मध्ये जळाला आणि मोठा दरवाजा तेवढा उरला. तो पाहून रुक्मिणी मंदिराचं दगडी काम पाहिलं की त्या काळच्या हाताची कल्पना येते. जुन्या वाड्यांत लोक राहतात, तेव्हा बाहेरूनच बघायचं.

रामटेक आणि मनसरला वेगळा दिवस द्या. मनसरची प्रसिद्ध शिवमूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, ती इथे शोधू नका.

परतताना मूर्ती सोबत असेल तर गर्दीच्या पॅसेंजरनं येऊ नका. सोंड आणि मनगट हे सगळ्यात पातळ भाग, धक्क्यानं तिथेच तुटते. खोक्यात तळाशी चार बोटं तणस घाला, मूर्ती उभीच ठेवा आणि बाजूंना जुन्या साड्यांचे बोळे कोंबा. पाऊस असेल तर वरून प्लास्टिक टाका, पण खालची बाजू उघडी राहू द्या. पूर्ण गुंडाळली की आत घाम धरतो आणि घरी पोचेपर्यंत रंग ओघळतो.