सेल्फ मारला की नुसतं ‘टक’: गुहागरच्या पावसात गाडीचा दोष शोधताना

गाडी चालू होत नाही म्हणून मिस्त्रीला फोन केला, की चांगला मिस्त्री आधी विचारतो, “सेल्फ घेते का?” या एका प्रश्नात अर्धं काम होतं. सेल्फ नेहमीच्या वेगाने फिरतोय, इंजिन नुसतं घुमतंय पण पकडत नाही, तर दोष पेट्रोल, ठिणगी किंवा हवेच्या बाजूला असतो, नाहीतर इमोबिलायझरने (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेने) किल्ली ओळखलेली नसते. सेल्फच फिरत नसेल तर प्लग उघडून काही हाती लागत नाही. मग बॅटरी, केबली, स्टार्टर (म्हणजे सेल्फची मोटर) आणि किल्लीचा स्विच एवढीच हद्द उरते.

त्या हद्दीतही कान बरंच सांगतात. ‘ट्रर्रर्र’ असा भराभर आवाज आला तर बहुधा बॅटरी उतरलेली असते किंवा टर्मिनल सैल असतं. काहीच आवाज नाही, तर स्विच, रिले किंवा फ्यूज बघायचा. आणि एकच ‘टक’ वाजून सगळं शांत झालं, तर सोलेनॉइडने (स्टार्टरला करंट जोडून देणाऱ्या चुंबकी स्विचने) आपलं काम केलेलं असतं, पण मोटरला फिरायला पुरेसा करंट मिळत नसतो किंवा मोटरच अडकलेली असते.

आमच्या गाडीत हा तिसरा प्रकार होता. गाडी छोटी, पेट्रोलची, दहा वर्षं जुनी, हाताने बदलायचे गिअर आणि केबलवर चालणारा क्लच. घर गुहागरला, समुद्राच्या इतकं जवळ की पावसाळी वाऱ्यात खिडकीच्या गजांवर मीठ बसतं. आईला गुडघ्याच्या ऑपरेशननंतर व्यायामासाठी चिपळूणला न्यावं लागत होतं. एसटी दारावरून जाते, पण तिच्या पायऱ्या आईला चढवत नव्हत्या. त्यामुळे गाडी सकाळी चालू होणार की नाही, हा प्रश्न माझ्यासाठी साधा नव्हता. आई तयार होऊन, काठी हातात घेऊन पडवीत बसलेली असायची आणि मी किल्ली फिरवायचो.

दुखणं लहरी होतं. रात्रभर पाऊस पडला की सकाळी ‘टक’. दुपारी ऊन आलं की तीच गाडी पहिल्या सेल्फला चालू. उताराला लावून दुसऱ्या गिअरमध्ये धक्का दिला की लगेच पकडायची आणि मग दिवसभर तक्रार नाही. (हल्लीच्या इंजेक्शनच्या गाड्यांना सारखा धक्का मारत बसू नये. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब होऊ शकतो. पण आई ताटकळलेली असताना माणूस धक्का मारतोच.)

हेडलाइट लावून किल्ली फिरवली की दिवे एकदम मंद व्हायचे. हे बघून जो तो एकच सांगायचा: “बॅटरी गेली.” ते अगदीच चुकीचं नव्हतं, कारण उतरलेल्या बॅटरीचं लक्षण तेच असतं. पण बॅटरी जेमतेम दीड वर्षाची होती. मी ती काढली, रात्रभर चार्जरवर ठेवली, मग काही तास तशीच राहू दिली. चार्जरवरून काढल्या काढल्या मोजलं तर आकडा फुगलेला दिसतो, म्हणून ही विश्रांती हवी. नंतर मीटर लावला तर १२.६ व्होल्ट. पूर्ण भरलेल्या बॅटरीचा आकडा हाच. १२.२ च्या आसपास असेल तर ती निम्म्यावर आलेली असते. पण नुसत्या व्होल्टेजवर विश्वास ठेवता येत नाही, कारण म्हातारी बॅटरीही भार नसताना १२.६ दाखवू शकते. म्हणून शृंगारतळीला बॅटरीच्या दुकानात नेऊन लोड टेस्टर (बॅटरीवर भार टाकून तपासणारं यंत्र) लावून घेतला. दुकानदार चांगला माणूस. त्याला नवी बॅटरी विकता आली असती, पण म्हणाला, “दादा, ही अजून दोन वर्षं तरी बघायला नको. दुसरीकडे शोधा.”

एका गॅरेजमध्ये निदान झालं की स्टार्टरचे कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला करंट पोचवणारे तुकडे) झिजलेत, स्टार्टर उतरवून भरायला पाठवावा लागेल. हेही अशक्य नव्हतं. कार्बन झिजले की असंच होतं, आणि स्टार्टरवर हलकेच ठोकलं की तो तात्पुरता फिरतो. मी ठोकून पाहिलं, फरक पडला नाही. शिवाय कार्बनला पावसाशी आणि उन्हाशी काय देणंघेणं? दुखणं हवेप्रमाणे बदलतंय, म्हणजे ओल जिथे पोचते तिथे काहीतरी आहे, असं माझं मन सांगत होतं.

मग एका सकाळी शेजारच्या काकांनी त्यांची गाडी शेजारी आणून लावली आणि आम्ही जंपर केबल जोडल्या. क्रम सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे: लाल चिमटा आधी बंद गाडीच्या बॅटरीच्या प्लसला, मग चालू गाडीच्या प्लसला, काळा आधी चालू गाडीच्या मायनसला आणि शेवटचा चिमटा बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीजवळ हायड्रोजन असू शकतो, म्हणून तो बॅटरीवर लावायचा नाही. मी काळा चिमटा इंजिन उचलायच्या लोखंडी हुकाला लावला. किल्ली फिरवली आणि गाडी क्षणात चालू झाली.

काका म्हणाले, “बघ, मी सांगत होतो. बॅटरीच.”

आई चिपळूणला वेळेवर पोचली, पण गाडी चालवताना तोच विचार डोक्यात. बॅटरी भरलेली, दुकानात तपासलेली. तरी दुसऱ्या बॅटरीने गाडी चालू होते, याचा अर्थ काय? काकांच्या बॅटरीने आमच्या गाडीला दोन गोष्टी दिल्या होत्या. एक म्हणजे जादा करंट. दुसरी गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नव्हती: करंट परत जायला नवी वाट. तो काळा चिमटा थेट इंजिनवर होता.

स्टार्टरची मोटर इंजिनला घट्ट बोल्ट केलेली असते आणि तिचा मायनस म्हणजे इंजिनचंच अंग. प्लसच्या जाड लाल केबलीतून जेवढा करंट येतो तेवढाच इंजिनमधून बॅटरीच्या मायनसला परत जावा लागतो. इंजिन मात्र रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, बॉडीला त्याचा थेट धातूचा स्पर्श नसतो. आमच्या गाडीत बॅटरीच्या मायनसवरून दोन वायरी निघतात. एक बारीक, ती जवळच बॉडीला. दुसरी जाड, ती खाली गिअरबॉक्सला. दिवे, हॉर्न, डॅशबोर्ड बारकीवर चालतात. स्टार्टर जाड वायरीवर अवलंबून. जाड वायर खराब झाली तर तो सगळा करंट बारकीतून परत जायची धडपड करतो, बॉडी बॅटरीच्या मायनसच्या पातळीवर राहत नाही आणि दिवे मंद होतात. बॅटरी पूर्ण भरलेली असूनही.

हे खरं की खोटं, हे मोजूनच कळणार होतं. साधा डिजिटल मल्टिमीटर, डीसी २० व्होल्टवर. गाडी न्यूट्रलला, हॅन्डब्रेक ओढलेला, माझ्या हातातली अंगठी काढून ठेवलेली. बायको आत किल्लीवर. मी “मार” म्हटलं की तिने सेल्फ मारायचा, “सोड” म्हटलं की सोडायचा, तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त नाही.

आधी मीटर बॅटरीच्या दोन खुंट्यांवर धरला, टर्मिनलच्या पकडीवर नाही. सेल्फ मारताना ११.६. बॅटरी थकलेली असती तर हा आकडा साडेनऊच्या खाली घसरला असता. ती ताठ उभी होती. मग लाल टोक बॅटरीच्या प्लसवर आणि काळं स्टार्टरच्या जाड नटवर. सेल्फ मारताना ०.२. म्हणजे लाल केबल वाटेत जवळजवळ काही खात नव्हती. शेवटी एक टोक बॅटरीच्या मायनस खुंटीवर, दुसरं इंजिनच्या स्वच्छ धातूवर. इथे चांगल्या गाडीत दोन-तीन दशांश व्होल्टच्या वर काही दिसायला नको. बायकोने किल्ली फिरवली आणि मीटर आठाच्या आसपास गेला.

आठ व्होल्ट! बारातले आठ परतीच्या वाटेतच संपत होते आणि स्टार्टरच्या वाट्याला साडेतीन सुद्धा उरत नव्हते. तो कसा फिरणार?

आता मीटरच्या बीपवर (वायर सलग असली की मीटर वाजतो, त्यावर) भिस्त ठेवणाऱ्यांसाठी थोडं सांगतो, कारण मला एकाने तसंच तपासून “वायर ठीक आहे” म्हणून सांगितलं होतं. छोट्या पेट्रोल इंजिनचा स्टार्टर शंभर-दीडशे अँपिअर सहज ओढतो. दीडशे अँपिअरला वाटेत ओहमचा फक्त शंभरावा भाग अडथळा असला, तरी दीड व्होल्ट तिथेच जातो. इतका बारीक अडथळा साध्या मीटरला दिसत नाही, त्याच्या स्वतःच्या वायरींचा अडथळाच त्याहून जास्त असतो. शंभर तारांपैकी पाच शाबूत असल्या तरी बीप वाजतो. म्हणून जाड केबल तपासायची ती भार चालू असताना, व्होल्टमध्ये.

पक्का पुरावा मिळवायला दुसऱ्या गाडीचीही गरज पडली नाही. जंपर केबलीतली एकटी काळी घेतली, एक चिमटा आमच्याच बॅटरीच्या मायनसला, दुसरा इंजिनच्या हुकाला. बायकोने किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. तीच बॅटरी, तोच स्टार्टर. आई पडवीतून म्हणाली, “झाली का रे?” आणि मला इतका आनंद झाला की मी गाडी बंद करून पुन्हा चालू करून दाखवली.

जाड वायर वरून बघताना निर्दोष होती. बॅटरीच्या बाजूचं टोक तर मी गेल्याच पावसाळ्यात कोमट पाणी आणि खाण्याचा सोडा लावून साफ केलं होतं. दुखणं खालच्या टोकाला होतं, गिअरबॉक्सपाशी, जिथे हात जायला बॅटरीचा ट्रे काढावा लागतो. बोल्ट सोडवला तर लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) आणि गिअरबॉक्सच्या मध्ये पांढरी भुकटी. गिअरबॉक्सचं कवच अॅल्युमिनियमचं, लग तांब्याचा. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि मध्ये खारं पाणी असलं की अॅल्युमिनियम खाल्लं जातं, हे किनाऱ्यावर राहणाऱ्याला सांगायला नको. वायरीचं वरचं रबर लगजवळ थोडं फुगलं होतं. ब्लेडने चिरलं तर आत तांबं उरलंच नव्हतं म्हटलं तरी चालेल, हिरवी पूड आणि काळ्या पडलेल्या तारा. पाऊस पडला की ती ओली होऊन स्पर्श सुटायचा, ऊन पडलं की जेमतेम जुळायचा.

दुरुस्ती निदानापेक्षा कितीतरी सोपी होती. चिपळूणच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जुन्याइतकीच जाड, शुद्ध तांब्याची वायर घेतली. हातोडीने चेपलेला लग नको, असा आग्रह धरला. त्याने हायड्रॉलिक मशीनने दाबून वर गोंद असलेली उष्णतेने आवळणारी नळी चढवली, म्हणजे लगच्या तोंडातून पाणी आत शिरणार नाही. घरी येऊन बॅटरीचा मायनस आधी काढला (काढताना मायनस आधी, बसवताना मायनस शेवटी), गिअरबॉक्सची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासली, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला आणि सगळं घट्ट झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली थापली. जेली आधी नाही लावायची. आधी धातूला धातू भिडला पाहिजे. खर्च काही शे रुपये. नवी बॅटरी घेतली असती तर चार हजारांच्या वर गेले असते, आणि ती बसवून पुढच्या पावसात पुन्हा ‘टक’ ऐकावा लागला असता.

पुन्हा मीटर लावला. सेल्फ मारताना मायनस खुंटी ते इंजिन ०.१. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.१, जे आधी १३.४ च्या पुढे जात नव्हतं. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरही इंजिनलाच बोल्ट केलेला, त्याचाही परतीचा रस्ता तोच. ही वायर आणखी काही महिने तशीच राहिली असती तर उपाशी राहून बॅटरी खरोखरच गेली असती.

एक गोष्ट उरली होती. गेल्या महिन्याभरात क्लच जड झाला होता, ते मी वयाच्या खाती टाकलं होतं. क्लचची केबल पोलादी, एक टोक बॉडीकडे आणि एक गिअरबॉक्सकडे. परतीची मोठी वाट बंद झाल्यावर स्टार्टरचा करंट तिच्यातूनही जात होता. बिघाडाच्या दिवसांत सेल्फ मारल्यावर तिला हात लावला होता तेव्हा ती चक्क गरम लागली होती. आतली प्लॅस्टिकची नळी त्या उष्णतेने जागोजागी वितळून तारेला चिकटली होती, म्हणून तीही बदलावी लागली. तुमच्या गाडीत असा ‘टक’ येत असेल आणि क्लच किंवा अॅक्सिलरेटरची केबल गरम लागत असेल, तर स्टार्टर उतरवायच्या आधी इंजिनची अर्थ वायर (इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून बॅटरीच्या मायनसला जाणारी) बघा. आणि क्लच-गिअरबॉक्सचं काम करून गाडी नुकतीच आली असेल, तर ती वायर परत बसवली का, हे गॅरेजमध्ये आवर्जून विचारा. ती गिअरबॉक्सला जोडलेली असेल तर त्या कामाला सोडावीच लागते.