आमची वाटचाल : शेवंती, वांगी आणि समोरचा हॅलोजन

आमची रोपवाटिका दापोली तालुक्यात, आंजर्ल्याच्या बाजूला. समुद्र दिसत नाही, पण खारा वारा बरोबर पोचतो. 2009 साली सुरू केली तेव्हा भांडवल म्हणजे सासऱ्यांची दहा गुंठे पडीक जागा, एक विहीर, पतपेढीचं कर्ज आणि चिपळूणच्या बाजारातून आणलेली पितळी चाळणीची झारी. त्या झारीबद्दल लोक हसतात. हसू देत. प्लॅस्टिकच्या झारीचा थेंब जाड पडतो, ट्रेच्या कप्प्यातलं बी उकरून वर आणतो. पितळी चाळणीतून पाणी पावसाच्या बुरबुरीसारखं उतरतं. बी पेरल्यापासून दोन पानं येईपर्यंत आजही आमच्याकडे तीच झारी चालते, आणि ती मी कुणाच्या हातात देत नाही.

पहिली सात वर्षं बरी गेली. मिरची, वांगी, टोमॅटोची रोपं, गणपती-दसऱ्याला झेंडू, आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारांसाठी पिशवीतली शेवंती. त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

मग रस्त्यापलीकडे एकाने रोपवाटिका काढली. नाव घेत नाही. ट्रे भरायला तो आमच्याकडेच शिकला होता. कोकोपीट, म्हणजे ट्रेत भरायचा नारळाच्या काथ्याचा भुसा, किती भिजवायचा हे त्याला मी मुठीत दाबून दाखवलं होतं : पाण्याचे दोन-तीन थेंब बोटांतून गळले पाहिजेत, धार लागता कामा नये. असो. त्याने घाटावरून टेम्पोने रोपं आणून आमच्यापेक्षा स्वस्त विकायला सुरुवात केली. धंदा आहे, त्याचं काही नाही. पण 2017 च्या पावसाळ्यात त्याने फलक लावला आणि फलकावर हॅलोजन. रात्रभर.

त्या वर्षी आम्ही शेवंतीच्या 2,200 पिशव्या धरल्या होत्या. बुंध्याशी फुटलेल्या काश्या काढून, पाऊस अंगावर येऊ नये म्हणून प्लॅस्टिकच्या छपराखाली, चिऱ्यांच्या बाकांवर. जागा नव्हती म्हणून बाक रस्त्याच्या कडेला. महिन्याभरात शेंडे खुडले, फुटवा सुंदर आला. त्याच बाकांच्या टोकाला वांग्याची रोपं होती. तीही झकास.

दसरा गेला, दिवाळी तोंडावर आली, शेवंतीला कळी नाही. उंची वाढतेय, पानं हिरवीगार, शेंड्याला नुसता पानांचा गुच्छ. पहिला संशय मिस्टरांवर, कारण खताची टाकी एकच. वांग्याच्या रोपांना सोडलेलं एकोणीस-एकोणीस-एकोणीस (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेलं खत) शेवंतीलाही जात होतं. ही आमची चूक होतीच, ती कबूल करते. वांग्याला फळं सुरू झाली तरी नत्र लागतंच. तोडा झाला की पुन्हा हप्ता, कारण ते झाड फुलतं, फळतं आणि वाढतं सगळं एकाच वेळी, महिनोन्महिने. शेवंतीचं तसं नाही. तिला सुरुवातीला पोटभर द्यायचं आणि कळी धरायच्या सुमाराला नत्राचा हात आखडायचा. नाहीतर ती पानांतच खूश राहते. म्हणून आम्ही नत्र बंद केलं. पानं पिवळी पडली. कळी नाहीच.

माणूस अशा वेळी काहीही करतो. मी बुरशीनाशक मारलं, पाणी तोडलं, पुन्हा दिलं. मिस्टर म्हणाले काश्याच खराब निघाल्या. समोरचा येऊन कुंपणाशी उभा राहून विचारून गेला, "वहिनी, यंदा शेवंती नाही वाटतं?"

उत्तर सापडलं ते गुरवकाकांमुळे. देवळातली पूजा त्यांच्याकडे, आणि पहिल्या वर्षापासून दर मोसमात चाळीस पिशव्या आमच्याकडूनच. कधी उधारी नाही, कधी घासाघीस नाही. फक्त प्रत्येक पिशवी उचलून खालून बघायचे, मुळी बाहेर आली आहे का. वसुबारसेच्या रात्री आरती आटपून परत जाताना ते फाटकाशी थांबले आणि हाक मारली.

"वहिनी, जरा इकडे या. हातातली बॅटरी विझवा."

मी विझवली. तरी सगळं लख्ख दिसत होतं. बाकांवर पंपाच्या खोपीची सावली पडली होती, तिरकी, छपराच्या टोकासकट. काका त्या सावलीत वाकले आणि एक शेंडा दोन बोटांत धरला. हरभऱ्याएवढी कळी. शेजारच्या पिशवीत कळी. सावलीची कड जिथे संपत होती तिथली एक पिशवी तर अर्धी होती : खोपीकडच्या फांद्यांना कळ्या, रस्त्याकडच्या फांद्यांना पानांचे गुच्छ. सावलीचा नकाशाच कळ्यांनी काढलेला.

"यांना रोजचीच पुनव झालीय हो," काका म्हणाले. "झोपतील कधी?"

पुनवेच्या चांदण्याने शेवंती अडत नाही, हॅलोजनने अडते, पण मुद्दा नेमका तोच. शेवंती रात्र मोजते. रात्र लांब आणि सलग काळोखाची मिळाली तरच ती कळी धरते. मध्येच उजेड पडला की तिच्या लेखी अजून उन्हाळाच. वांग्याला या हिशोबाशी सोयरसुतक नाही. दिवस लहान असो की मोठा, ऊन, ऊब आणि खत मिळालं की ते फुलणार. म्हणून एकाच बाकावर, एकाच दिव्याखाली वांगी मजेत आणि शेवंती वांझ, आणि आम्ही दोन महिने टाकीत डोकं घालून बसलेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी रस्ता ओलांडून गेले. रात्री दहानंतर दिवा बंद कर, एवढंच मागितलं. तो म्हणाला, "दिवा माझ्या हद्दीत आहे. उजेड तुमच्याकडे येतो त्याला मी काय करू?" ग्रामपंचायतीत अर्ज दिला. पोच मिळाली.

शेवटी काळी ताडपत्री आणून रस्त्याच्या बाजूने पडदा केला. त्या शेवंत्या फुलल्या, पण पौषात. मार्गशीर्षातले गुरुवार संपून गेले होते. चारेकशे पिशव्या विकल्या, बाकीच्या गुरांपुढे गेल्या. पतपेढीचे तीन हप्ते थकले, माझ्या पाटल्या गहाण पडल्या. काकांनी चाळीस पिशव्यांचे पैसे नेहमीसारखे रोख मोजले आणि पौषातल्या शेवंतीने देव सजवला.

पुढे निसर्ग वादळ आलं. 3 जून 2020. शेडनेट उडून पोफळीवर जाऊन बसली, पुढे पोफळीही पडली. पण ते साऱ्या किनाऱ्याचंच झालं, त्याचा राग कुणावर धरायचा?

समोरच्याच्या वांग्यांबद्दल मात्र सांगते, कारण शेवंती अडली तेव्हा त्याने "तिच्या रोपांत रोग आहे" असं गावभर केलं होतं. वांगं दुपारी हिरवंच्या हिरवं मान टाकतं, तो मर रोग, आणि तो मुळाशी असतो. बुंध्याजवळचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या काचेच्या ग्लासात धरा. मिनिटा-दोन मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखा पांढरा धागा खाली उतरतो. तो दिसला तर त्या वाफ्यात निदान तीन वर्षं वांगं, टोमॅटो, मिरची नको. आपल्या आंबट जांभ्या मातीत हा रोग मुरून बसतो. त्याच्या दारात, त्याच्याच गिऱ्हाइकांसमोर, त्याच्याच रोपाचा तुकडा मी ग्लासात धरला होता. धागा उतरला. कुणी काही बोललं नाही.

आता तो रोपं विकत नाही, चिरे विकतो. फलक तसाच आहे, हॅलोजन कधीचा गेलाय. काकाही गेले, चाळीस पिशव्या त्यांचा मुलगा नेतो, खालून न बघता. ताडपत्रीचा पडदा मी अजून काढलेला नाही. श्रावण संपला की रोज संध्याकाळी साडेसहाला तो ओढते, घरात पाहुणे असले तरी.