पेटीवाल्या हातांनी पियानोचे कॉर्ड

बडोद्यातल्या मराठी घरात कीबोर्ड येतो, तेव्हा पेटी बहुधा आधीपासूनच असते. सयाजीरावांच्या आश्रयाने 1886 मध्ये मौलाबक्षांची गायनशाळा सुरू झालेल्या गावात यात नवल नाही. पट्ट्यांवर बोटं बसलेली असतात, तरी कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचे तीन स्वर, अडतात. कारण पेटीवर आपला सा सरकतो, कॉर्डचं नाव मात्र जागचं हलत नाही. काळी एकचा सा धरा नाहीतर पांढरी चारचा, पियानोच्या भाषेत त्या कायम सी शार्प आणि एफच. म्हणून पहिले काही आठवडे सा पांढरी एकवर, म्हणजे सी वर ठेवा.

अंगठा सी वर. काळ्या-पांढऱ्या सगळ्या मोजत चार पट्ट्या पुढे ई, तिथून तीन पुढे जी. सा-ग-प, हा सी मेजर. ग कोमल केला की तीन आणि चार, हा सी मायनर. जिथून निघालो ती पट्टी मोजायची नाही. ती मोजली की एक पट्टी मागे पडतो आणि मेजरऐवजी भलतंच काहीतरी वाजतं.

आता सी, एफ, जी हे तीन मेजर कॉर्ड. प्रत्येक वेळी मूळ स्वरावर, म्हणजे कॉर्डला ज्याचं नाव आहे त्या स्वरावर, उडी मारलीत तर लय तुटणारच. हात जागेवर ठेवा: सी-ई-जी, मग सी-एफ-ए, मग बी-डी-जी. पहिल्या बदलात सी तसाच राहतो. उजव्या हाताची बोटं (अंगठा 1, करंगळी 5) पहिल्या दोन्हीला 1-3-5, तिसऱ्याला 1-2-5. नुसती ही अदलाबदल रोज दहा मिनिटं, तीही बोटांकडे न बघता. बाकी सगळं यापुढे सोपं आहे.

डाव्या हाताने फार खाली तीन स्वर दाबू नका, गुरगुर होते. तिथे एकच मूळ स्वर पुरे. स्वर लांबवणारा पायाखालचा पेडल कॉर्डबरोबर दाबायचा नाही. नवा कॉर्ड वाजताना पाय वर, लगेच पुन्हा खाली. नाहीतर जुन्या कॉर्डचे स्वर नव्यात मिसळून खिचडी होते.

खरी गफलत भजनाला साथ करताना होते. जी मेजरमध्ये शुद्ध नी आहे. भैरवीत नी कोमल, म्हणजे तो कॉर्ड गायकाच्या कानाला टोचणार. यमनमध्ये एफ मेजर शुद्ध मध्यम आणतो. तिथे डी मेजर घ्या, त्यात तीव्र मध्यम आहे. भूपाला सी मेजर आणि ए मायनर निर्धास्त चालतात, दोन्हींत परका स्वर नाही. काफीला सी मायनर, एफ मेजर, जी मायनर. आधी रागाचे स्वर लिहून काढा, मग त्यात बसणारेच कॉर्ड निवडा. शंका आली तर नुसते सा-प धरा. मारव्यासारख्या पंचम वर्ज्य असलेल्या रागात तेही नको, फक्त सा.