पाय कशाला फाडला? प्लास्टिकची नळी नाही का मिळत?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. मी कृत्रिम रक्तवाहिन्यांवर काम करते हे वेंगुर्ल्यात सगळ्यांना माहीत झाल्यापासून सुटीत घरी आले की हा प्रश्न ठरलेला. कुणाचं तरी हृदयाचं बायपास झालेलं असतं, त्यासाठी पायातली शीर काढून हृदयाला जोडलेली असते, म्हणून घोट्यापासून वर टाके असतात आणि शेजारचे काका विचारतात, ‘‘गो, पाय कित्याक फाडलो? प्लास्टिकची नळी गावना नाय?’’

मिळते की! महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी सगळ्यात मोठी रक्तवाहिनी, फुगली तर डॅक्रॉनची नळी शिवतात. डॅक्रॉन म्हणजे आपल्या टेरिलीनच्याच जातीचं पॉलिएस्टर. अमेरिकेत ह्यूस्टनचे सर्जन मायकेल डिबेकी यांनी १९५०च्या दशकात अशा सुरुवातीच्या नळ्या घरच्या शिलाई मशीनवर शिवल्या होत्या. महाधमनीत ही नळी वर्षानुवर्षं टिकते. अडतं ते बारीक नळीपाशी, साधारण ६ मिलिमीटरच्या खाली. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्या जेमतेम ३ मिलिमीटरच्या.

हिशेब करून बघा. नळीच्या आत सगळीकडून अर्धा मिलिमीटर थर बसला, तर २० मिलिमीटरची नळी १९ची होते, कुणाला पत्ताही लागत नाही. ३ मिलिमीटरची मात्र २ची होते. प्रवाह व्यासाच्या चौथ्या घातानं बदलतो, त्यामुळे तेवढ्याच दाबाला रक्त पूर्वीच्या पाचव्या हिश्श्याइतकंच जातं. शिवाय प्रवाह मंदावला की गुठळी आणखी लवकर धरते.

थर बसतोच का, हा खरा प्रश्न. माझ्या टेबलावर पीटीएफईच्या नळीचा एक तुकडा असतो. पांढरा, मऊ, बोटांतून निसटणारा. पाण्याचा थेंब टाकला की गोळी होऊन घरंगळतो. नॉन-स्टिक तव्यावरचंच रसायन, फक्त ताणून सच्छिद्र केलेलं. एवढं गुळगुळीत, तरी रक्त लागल्यावर काही सेकंदांत त्यावर प्रथिनांचा पापुद्रा चढतो. मग प्लेटलेट्सना, म्हणजे गुठळी धरणाऱ्या रक्तातल्या बारीक कणांना, दिसतं ते प्लास्टिक नव्हे, त्यावर चिकटून आकार बदललेलं फायब्रिनोजेन, रक्त गोठायला लागणारं प्रथिन. होडीच्या तळाचंही असंच असतं. आधी बुळबुळीत थर येतो, शिंपल्या मागाहून. म्हणून ‘कशालाच न चिकटणारं’ प्लास्टिक शोधण्यात आमच्या क्षेत्राची बरीच वर्षं गेली, आणि माझ्या मते त्यातली निम्मी तरी फुकट गेली.

कारण खऱ्या रक्तवाहिनीचं अस्तर नुसतं गुळगुळीत नसतं, ते कामाला असतं. त्या पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडतात, प्रोस्टासायक्लिन सोडतात, प्लेटलेट्सना सतत लांब ठेवतात. कृत्रिम नळीत हे अस्तर, नळी रक्तवाहिनीला शिवली त्या टाक्यांकडून, सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर आत सरकतं आणि थांबतं. मधली नळी वर्षानुवर्षं उघडीच. पीटीएफईच्या तंतूंमधली फट नेहमीच्या ३० मायक्रॉनवरून ६०वर नेली, तेव्हा बबून माकडांत बाहेरून केशिका आत शिरल्या आणि पूर्ण अस्तर धरलं. १९८०च्या दशकातली ही गोष्ट, सगळे हुरळले. माणसांत तीच नळी लावल्यावर फायदा काही दिसला नाही. प्राण्यातला निकाल घेऊन कुणी पेढे वाटायला लागलं की मला हटकून ते बबून आठवतात.

मग मधला मार्ग निघाला: आतल्या बाजूला हेपॅरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, पक्कं बांधायचं. पायाच्या रोहिण्यांसाठी अशा नळ्या वापरात आहेत. त्यानं सुरुवातीची गुठळी आटोक्यात येते, पण टाक्यांपाशी स्नायूपेशी वाढून नळी हळूहळू अरुंद होते, ते राहतंच. रोहिणी दर ठोक्याला फुगते आणि प्लास्टिक ढिम्म हलत नाही. दोन्ही जिथे शिवल्या त्या जोडावर ताण येणारच.

मला स्वतःला भरवसा वाटतो तो शरीर आपलंसं करील अशा नळीचा. विरघळणाऱ्या जाळीवर माणसाच्या पेशी वाढवायच्या, त्यांनी भिंत विणली की पेशी धुऊन टाकायच्या आणि उरलेली भिंत कुणालाही बसवायची. अशी एक नळी अमेरिकेत डिसेंबर २०२४मध्ये मंजूर झाली, हातापायाच्या जखमांत रोहिणी तुटून स्वतःची शीर वापरता येत नसेल तेव्हासाठी. हृदयासाठी अजून नाही. तोवर काका, तुमच्या पायाची शीर बरी. तीही अमर नाही, दहा वर्षांत निम्म्याच्या आसपास बंद पडतात. छातीच्या आतली रोहिणी त्याहून कितीतरी टिकाऊ, म्हणून सर्जन आधी तीच जोडतात.

आणि डायलिसिसवाल्यांना हातात प्लास्टिकची नळी कशी चालते, हेही कुणीतरी विचारलं होतं. स्वतःच्या शिरेचा फिस्टुला, म्हणजे हातातली शीर रोहिणीला थेट जोडणं, जमला नाही तरच ती घालतात. ती साधारण ६ मिलिमीटरची असते आणि तिच्यातून रक्त जोरात धावतं, म्हणून चालते. तरी बंद पडायची भीती असतेच. रोज सकाळी त्यावर बोटं ठेवून बघायचं, थरथर लागली पाहिजे. नाही लागली तर उद्याच्या डायलिसिसची वाट बघायची नाही. आधी सेंटरला फोन, आणि त्याच दिवशी गाडी काढायची. गुठळी ताजी असेपर्यंतच नळी वाचायची शक्यता जास्त.