"प्रार्थनेसाठी सांगते" म्हणत मी जे जे सांगितलं

बरेच दिवस लिहू का नको असं चाललं होतं. कारण ही सवय दारू सिगरेटसारखी बाहेरून दिसणारी नाही, चर्चमध्ये लोक उभं राहून देवाने आपल्याला कशातून सोडवलं याची साक्ष देतात त्यात कधी तिचं नाव येत नाही, आणि ती मला आहे हे माझं मलाच कळायला कितीतरी वर्षं गेली. मी दुसऱ्यांच्या गोष्टी सांगायचे. सरळ शब्द वापरायचा तर चहाडी. फक्त माझ्या चहाडीची सुरुवात कायम एकाच वाक्याने व्हायची, "प्रार्थनेसाठी सांगते हं, कोणाला बोलू नका".

मी खोटं कधी सांगितलं नाही, मीठमसाला पण लावला नाही, त्यामुळे माझं मन मला कधी टोचायचं नाही. कोणाच्या घरी पैशाची ओढाताण आहे, कोणाचा मुलगा चर्चला यायचं बंद झालाय, कोणाचे रिपोर्ट चांगले आले नाहीत, सगळं खरं असायचं. आणि शेवटी आम्ही खरंच डोळे मिटून प्रार्थना करायचो. पण आता प्रामाणिकपणे आठवते तेव्हा दिसतं की गोष्ट सांगायला वीस मिनिटं जायची आणि प्रार्थनेला दोन.

मग एका बहिणीचं झालं. सख्खी नाही, आमच्याच मंडळीतली, म्हणजे चर्चमधली. तिने मला तिच्या संसारातलं फार नाजूक काहीतरी सांगितलं, रडत रडत, आणि मी तिचा हात धरून मी प्रार्थना करते म्हणाले. त्याच आठवड्यात बायकांच्या प्रार्थना गटात मी ते सांगितलं. नाव घेतलं नाही, पण बाकी एवढं सांगितलं की नाव घ्यायची गरजच उरली नाही. दोन रविवारांनी कोणीतरी तिला दारातच थांबवून "आता घरी कसं आहे गं" असं विचारलं, आणि तिला तिथल्या तिथे कळलं, कारण तिने माझ्याशिवाय कोणालाच सांगितलं नव्हतं. रात्री मला तिचा एकच मेसेज आला. "मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं."

त्या रात्री मी खूप रडले. गुडघ्यावर बसून क्षमा मागितली, पुन्हा असं कधी करणार नाही म्हणाले, आणि चारच दिवसांत दुसऱ्या कोणाचं तरी सांगून बसले.

इथे मला थोडं थांबून लिहायचंय कारण माझी खरी गाठ इथेच होती. मला वाटायचं की मला वाईट वाटतंय, मी रडतेय, कबूल करतेय म्हणजे पश्चात्ताप झाला. पण नीट बघितलं तर रोजचं एक चक्र ठरलेलं होतं. दिवसा बोलायचं, संध्याकाळी मन खायला लागायचं, रात्री प्रार्थनेत रडायचं, रडून झालं की हलकं वाटायचं आणि त्या हलकेपणात छान झोप लागायची. सकाळी पाटी कोरी. म्हणजे ते रडणं सवयीला थांबवत नव्हतं, उलट दुसऱ्या दिवशीसाठी जागा करून देत होतं. माझा पश्चात्तापच त्या सवयीचा भाग होऊन बसला होता. हे लक्षात आलं त्या दिवशी मी खरंच घाबरले, कारण मग धरायचं कशाला? बायबलमध्ये करिंथकरांस दुसऱ्या पत्रात सातव्या अध्यायात प्रेषित पौल दोन प्रकारच्या दुःखाबद्दल लिहितो, त्यातलं देवाच्या इच्छेप्रमाणे झालेलं दुःख माणसात कळकळ निर्माण करतं, चूक निस्तरायची धडपड निर्माण करतं. माझ्या दुःखातून काहीच निर्माण होत नव्हतं, नुसती झोप येत होती.

मंडळीत एक वयस्कर काकू आहेत, फार कमी बोलतात. मी त्यांच्याकडे गेले आणि सगळं सांगितलं. याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायात लिहिलंय ना, एकमेकांजवळ आपली पापं कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा, ते मी कितीतरी वेळा वाचलं होतं पण केलं कधीच नव्हतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "हे देवाला किती वेळा सांगितलंस बाळा?" मी म्हटलं रोज सांगते. "आणि तिला?"

तिला मी एकदाही काही बोलले नव्हते. मेसेजला उत्तरसुद्धा दिलं नव्हतं. मत्तय 5 मध्ये, म्हणजे मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात, प्रभू येशू स्वतः सांगतो की वेदीजवळ अर्पण घेऊन आलास आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. मी मात्र रोज अर्पण घेऊन वेदीपाशी जात होते आणि तिच्या घराकडे पाऊल वळत नव्हतं.

मी गेले. जायच्या आधी काकूंनी एक सांगितलं होतं की कारणं देऊ नकोस, प्रार्थनेसाठीच सांगितलं होतं हे वाक्य तर अजिबात काढू नकोस. ते वाक्य तीन वेळा ओठावर आलं. मी फक्त म्हटलं की तुम्ही विश्वासाने सांगितलं आणि मी ते चार जणींना सांगितलं, माझं चुकलं, मला क्षमा करा. ती म्हणाली, "ठीक आहे." आणि दार लावून घेतलं. मला वाटलं होतं दोघी रडू, मिठी मारू. तसं काही झालं नाही. पण घरी येताना पहिल्यांदा मला हलकं न वाटता जड वाटलं आणि तो जडपणा बरेच दिवस राहिला, आणि माझ्या मते त्या जडपणानेच मला पुढचे महिने सांभाळलं.

मग काकूंनी मला एक वही करायला लावली. बोलून गेलीस की लिही म्हणाल्या, काय बोललीस ते नको, कधी, कुठे, आणि त्याच्या आधी तुला कसं वाटत होतं ते. तीन आठवड्यांची वही बघितली तर स्पष्ट दिसत होतं. उपासना संपल्यावर बाहेर उभं राहतो ती वेळ, दुपारचे फोन, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे व्हॉइस मेसेज. आणि आधी कसं वाटत होतं त्या रकान्यात जवळजवळ प्रत्येक वेळी एकच, आपल्याला कोणी विचारत नाहीये. हे लिहिताना हात थांबला होता. बातमी माझ्याकडे असली की चार जणी माझ्याभोवती जमायच्या, ती भूक होती मुळाशी. एवढी वर्षं मी जिभेसाठी प्रार्थना करत होते आणि दुखणं आतच होतं. जे अंतःकरणात भरलंय तेच मुखातून निघतं हे मत्तय 12 मधलं वचन मला पाठ होतं, स्वतःला लावून मात्र कधी बघितलं नव्हतं.

त्याच अध्यायात पुढे तो अशुद्ध आत्म्याचा दाखला आहे. आत्मा निघून जातो, परत येऊन बघतो तर घर रिकामं, झाडलेलं, सजवलेलं, मग आणखी सात घेऊन येतो. माझं घर रोज रात्री झाडलं जायचं. रिकामं होतं.

म्हणून मग नुसतं "बोलायचं नाही" असं न ठेवता त्या जागी काय करायचं ते ठरवलं. सगळ्यात जास्त उपयोग झाला तो याचा. कोणी मला काही सांगितलं की तिथेच, त्याच्यासमोर, लगेच प्रार्थना करायची. फोनवर असेल तर फोनवर. दोन मिनिटांची, साधी. आधी मी "प्रार्थना करेन हं" म्हणायचे आणि ती गोष्ट बरोबर घेऊन फिरायचे, आणि घेऊन फिरलं की कुठेतरी सांडतेच. आता ज्याला द्यायची त्याला तिथेच देऊन टाकली की माझ्या हातात सांगण्यासारखं फारसं उरत नाही. सुरुवातीला फार अवघडल्यासारखं झालं, पण समोरच्या माणसाच्या मनाला नंतरच्या दहा वचनांपेक्षा ते जास्त भिडतं असं मी स्वतः बघितलंय.

बाकी छोट्या गोष्टी. उपासना संपली की मी गीतपुस्तकं गोळा करायचं आणि खुर्च्या लावायचं काम मागून घेतलं, म्हणजे त्या घोळक्यात उभं राहायची वेळच येत नाही. रोमकरांस 13:14 मध्ये देहाच्या वासनांसाठी तरतूद करू नका असं आहे, मला ते फार व्यवहारी वचन वाटतं, मोह आल्यावर लढण्याआधी त्याला बसायला खुर्चीच ठेवू नका. व्हॉइस मेसेज बंद केले, टाइपच करायचं, कारण टाइप केलेलं वाचलं जातं आणि वाचलं की अर्ध्या वेळा पुसलं जातं. एक ग्रुप सोडला. आणि स्तोत्र 141:3, हे परमेश्वरा माझ्या मुखावर पहारा ठेव, हे फोन उचलायच्या आधी म्हणायचं. हे पण काकूंनीच सुचवलं, की ज्या कामाला हात घालतेस त्यालाच प्रार्थना बांध, वेगळी वेळ शोधत बसलीस तर विसरशील.

मी कुठेतरी ऐकलं होतं की 21 दिवसांत सवय लागते म्हणून मी 21 दिवस मोजले. पाळलेसुद्धा. पुढच्याच आठवड्यात एका लग्नाच्या गप्पांमध्ये मी असं काही बोलून गेले की घरी येऊन वही फेकून दिली. म्हटलं माझ्यात पवित्र आत्मा आहे की नाही. काकूंना फोन केला तर त्यांनी नीतिसूत्रे 24:16 वाचून दाखवलं, नीतिमान सात वेळा पडला तरी पुन्हा उठतो, आणि म्हणाल्या उद्या सकाळी वही उचल.

नंतर मुलीने मला त्या दिवसांच्या आकड्याबद्दल एक संशोधन वाचून दाखवलं, ते मला खूप धीर देऊन गेलं म्हणून सांगते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 लोकांना एक नवीन गोष्ट ठरवून तीच रोज करायला लावली, 12 आठवडे, 2010 साली ते एका जर्नलमध्ये छापून आलं. सवय अंगवळणी पडायला मधला आकडा 66 दिवस आला, पण कोणाला 18 तर कोणाला 254 दिवस लागतील असा हिशोब निघाला. आणि मधे एखादा दिवस चुकला तर फारसा फरक पडला नाही. अर्थात ते चांगली सवय लावण्याबद्दल होतं, जुनी मोडण्याबद्दल नव्हतं, त्यामुळे माझं काम तेवढ्यात होईल असं मी धरलं नाही. पण एक दिवस चुकला म्हणजे सगळं वाया ही भीती माझ्या मनातून गेली, आणि ती जाणं फार गरजेचं होतं, कारण तीच भीती मला पुन्हा रात्रीच्या त्या रडण्याकडे ढकलायची.

काही विश्वासणारे म्हणतात की असं वही, दिवस, युक्त्या म्हणजे स्वतःच्या बळावर चालणं, कृपेवर नाही. मी पण आधी तसंच म्हणायचे. पण पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, सुभक्तीची कसरत कर असं लिहितो, आणि कसरत रोज करावी लागते. दानिएल दिवसातून तीन वेळा गुडघे टेकायचा, आणि राजाशिवाय कोणाकडे प्रार्थना करायची नाही असा हुकूम निघाल्यावर सुद्धा पूर्वीप्रमाणेच टेकले असं लिहिलंय, म्हणजे संकट यायच्या आधीच ते गुडघ्यांना सवयीचं होतं. आणि लूक 4:16 मला सगळ्यात जवळचं वाटतं, येशू आपल्या परिपाठाप्रमाणे शब्बाथ दिवशी, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवशी, सभास्थानात गेला. प्रभूलासुद्धा परिपाठ होता. कृपा नसती तर त्या फेकलेल्या वहीपाशी मी परत गेलेच नसते, एवढं मला माझ्यापुरतं नक्की माहीत आहे.

आता सकाळी उठल्यावर नीतिसूत्रांचा एक अध्याय वाचते, 31 अध्याय आहेत म्हणून तारखेप्रमाणे जमतो, आणि जिभेबद्दल त्या पुस्तकात इतकं आहे की जवळजवळ रोज काहीतरी मिळतंच. मग नावांची वही. त्यात फक्त नावं लिहिते, कारण लिहीत नाही, कोणाच्या हाती पडली तरी काही कळणार नाही. रोज थोडी थोडी नावं घेऊन आठवड्यात वही संपते. आणि ज्या दिवशी आपल्याला कोणी विचारत नाही असं वाटतं, ते अजूनही वाटतं, त्या दिवशी ते तसंच्या तसं प्रभूला सांगते, दुसऱ्या कोणाची बातमी हातात न घेता.

दीड वर्ष होत आलं. मधे दोनदा घसरले, दोन्ही वेळा त्याच दिवशी त्या माणसाला जाऊन सांगितलं. रात्रीचं रडणं बंद झालंय.

ती बहीण अजून चर्चला येते. माझ्यापुढे दोन रांगा सोडून बसते. भेटली की हसते, तब्येत विचारते, पण स्वतःचं काही सांगत नाही, आणि मी विचारत नाही. तिचं नाव मंगळवारच्या पानावर आहे.