नाव न सांगता येणाऱ्या झाडांची वही

पुणे-सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनच्या आसपास इतक्या नर्सऱ्या आहेत की गाडी कुठेही थांबवा, गुलाब, जास्वंद आणि अरेका पाम मिळणारच. बऱ्याच जणांचा माल आंध्रातल्या कडियमहून ट्रकने येतो, त्यामुळे झाडं तीच आणि भावही उन्नीस-बीस. आमच्या वडिलांनी गुलाबाच्या कलमांवर धंदा उभा केला. पुढे शेडनेट आलं, लॉन आलं, सोसायट्यांची कामं आली. ते शेजाऱ्यांकडेही आलं. आमच्याकडे वेगळं असं एकच आहे, गल्ल्याशेजारची लांबट वही.

गिऱ्हाईकाला झाड हवं असतं पण नाव येत नाही, तेव्हा ती वही उघडायची. नंबर, गाव आणि झाडाचं वर्णन, तेही गिऱ्हाईक बोलेल तसंच. कामावरच्या पोरांना सक्त ताकीद आहे की आपल्या अकलेने त्यात नाव घुसवायचं नाही. एकदा नाव लिहिलं की पुढचं कोणी नीट ऐकत नाही.

या वहीला धंद्याचं रूप आलं ते राजापूरकडच्या एका काकूंमुळे. त्यांना माहेरच्या परसातलं झाड हवं होतं. ‘उन्हाळ्यात मातीतून एकदम फूल येतं हो. पान नाही, काही नाही. पानं नंतर पावसात.’ आमचा पोरगा लगेच म्हणाला, फुटबॉल लिली! मे महिन्यात लाल गोंडा येतो, तीच असणार. काकू म्हणाल्या, ‘लाल नाही रे, पांढरं. आत जांभळट. आणि वास तर विचारू नको.’ रेन लिलीला लांब दांडा असतो, तीही बाद. रानहळदीचं पिवळं फूल येतं पावसात, तेही जुळेना. मग विचारलं, ‘काकू, पान उलटं करून कधी पाहिलंय?’ त्या जराही न थांबता म्हणाल्या, ‘खालून वांग्याच्या रंगाचं.’

झालं! हळद-आल्याच्या कुळातला भुईचाफा, केम्फेरिया रोटुंडा. वरून हिरव्या रंगाच्या गडद-फिकट छटा, खालून जांभळा, आणि पान उभं वाढणारं.

ओळखणं एक, मिळवणं दुसरं. व्यापाऱ्यांना फोटो मागितले तर एकाने जमिनीला चिकटून पसरणाऱ्या, मोरपिशी नक्षीच्या पानांचं झाड पाठवलं. तो याचाच भाऊबंद, पण त्याची छोटी जांभळी फुलं पानं असतानाच येतात. ते परत केलं. शेवटी कंद आले काकूंच्या माहेरच्या शेजाऱ्यांकडूनच, एसटीच्या पार्सलने, वर्तमानपत्रात गुंडाळून. पावसाळ्यात पानं फुटली. ओळखीच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडमना एक पान दाबून नेऊन दिलं. त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, फूल आणा, मग बोलू. मला हा खाक्या आवडला. पुढच्या उन्हाळ्यात कोरड्या मातीतून कळी वर आली. अरुंद पांढऱ्या पाकळ्या आणि त्यांच्यात मधोमध चिरलेली जांभळी. एक फूल जेमतेम दिवसभर टिकतं. मॅडमनी ते दांड्यासकट नेलं आणि संध्याकाळी फोनवर शिक्कामोर्तब केलं. पहिली कुंडी काकूंनाच गेली, हे सांगायला नको.

विकताना मात्र भुईचाफा डोकं खातो. हिवाळ्यात पानं पिवळी पडून झाड गायब होतं आणि रॅकवर मातीने भरलेल्या कुंड्या राहतात. त्या कोण घेणार? घेतलेल्यांपैकीही काही जण झाड मेलं समजून माती ओतून देतात. म्हणून आम्ही तो फुलावर असताना किंवा पावसाळ्यात पानावर असतानाच विकतो. कुंडीला चिठ्ठी असते: ‘आत कंद आहे. पानं गेल्यावर पाणी बंद. फेकू नये.’ खप गुलाबाच्या पासंगालाही पुरत नाही. पण भुईचाफ्यासाठी आलेलं माणूस जाताना कुंड्या, शेणखत आणि आणखी चार झाडं घेऊन जातं, हा हिशेब मी चांगला ओळखतो.

अशोकाच्या बाबतीत आम्ही जास्त काटेकोर आहोत. ‘अशोक द्या’ म्हणणाऱ्या दहातल्या नऊ जणांना कुंपणाला लावतात तो उंच, सरळ आसुपालव हवा असतो. एखाद्याला औषधासाठी सीतेचा अशोक हवा असतो, त्याची कोवळी तांबूस पालवी मलूल लोंबते आणि केशरी फुलांचे गुच्छ फांदीवरच येतात. दोघांचं कूळही वेगळं. औषधासाठी म्हटलं की झाड देतो, पण सालीचं आणि काढ्याचं वैद्यांना विचारा म्हणून सांगतो. मोबाइलवर पानाचा फोटो काढून नाव सांगणारी ॲपं आता सगळ्यांकडे आहेत. आम्हीही वापरतो. भुईचाफ्याच्या पानाला एका ॲपने कॅलेथिया, म्हणजे नक्षीदार पानांचं एक शोभेचं झाड, ठरवलं होतं. नुसतं पान पाहिलं तर त्याचंही चूक नाही, त्याला फुलाची वाट बघायला कुठे येतं!

सध्या वहीत एक वेल अडकलाय. सावंतवाडीच्या गिऱ्हाईकाचं वर्णन असं: ‘पान बदामासारखं, पांढरं मोठं फूल संध्याकाळी उमलतं, सकाळी मिटतं.’ माझा संशय चांदवेलीवर आहे. पान तोडल्यावर पांढरा चीक येतो का ते बघा आणि देठासकट फुलाचा फोटो पाठवा, असं त्यांना कळवलंय.